माझ्या देहाची घाई करू नये

मी, जिजाबाई नत्थूजी निमजे, नाटकसिनेमातले नाव शामलादेवी, वय सत्तेचाळीस, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. मी भ्यालेली आहे, हे खरे. पण भिणे म्हणजे बुद्धी फिरणे नव्हे, हे वकीलसाहेबांनीही मान्य केले आहे.

१. वडील उमरेडला मागावर धोतरे विणत. मी कलकत्त्यात एका रशियन बाईंकडे बॅले शिकले आणि पायाच्या बोटांवर उभी राहून रंगून, कोलंबो, लंडन नाचत फिरले. लोकांनी डोक्यावर घेतला तो एकच नाच, मरणाऱ्या हरिणीचा. शेवटी मी अशी पडत असे की श्वास कोणाला दिसू नये. बोलपटात मला तसेच मारले, मुंबईच्या एका चित्रकारानेही तशीच पडलेली काढली. ते कसब आता माझ्याच जिवावर उठले आहे.

२. गेल्या श्रावणात मी भोवळ येऊन पडले. सगळे ऐकू येत होते, पापणी मात्र हलेना. माणूस गेला का हे पाहायला आमच्या घरी नाकाशी कापसाचा तंतू धरतात. धाकटा भाऊ रूपराव याने धरला. तंतू हलला नाही. "गेली गा ताई. ऊन चढाच्या आत नेऊन टाकू," तो म्हणाला. बांबू आले. अंगणात तिरडी बांधत असल्याचे मी ऐकले आणि मनातल्या मनात ओरडत राहिले. अंघोळ घालताना थोरली बहीण देवकी म्हणाली, "थांबा गा, हिचे तळवे गरम हायेत." तेवढ्यावर मी वाचले.

३. म्हणून घर रूपरावास, पण अटीवर. मी गेले असे वाटल्यास दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होईपर्यंत मला उचलू नये, डॉक्टर आणावा, देवकीने तळवे पाहावेत. अट मोडल्यास घर देवकीचे.

४. यावर वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तर तेरवीनंतर उघडतात." म्हणजे अट वाचेपर्यंत माझी राख झालेली. म्हणून वरची अट आजच सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली आहे. रूपराव म्हणाला, "ताई, भिऊन काहून राहिली? मी हावो ना." बांबू आणायला तोच धावला होता. मनाचा वाईट नाही, कामाचा उरक फार.

५. गांधीबागेतल्या एका व्यापाऱ्याने माझ्या नावाची किनार काढून लुगडी खपवली, मला एक धाडले नाही. त्याने मयताला हार आणू नये. दागिने व पोशाख देवकीस. मुंबईच्या चित्रकाराचे ते चित्र कोणीही न्यावे, मला समोर नको.

६. देवकी बालविधवा. सगळ्या दौऱ्यांत माझ्या नाचाच्या जोड्यांच्या फिती तीच बांधायची. वाचन झाल्यावर म्हणाली, "मी जवळच बसून राहीन वं. कोणाले तुले हात लावू देत नाही." माझा विश्वास फक्त तिच्यावर. पण ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी आहे, आणि या थंडीत तिचा खोकला हटत नाही. हल्ली देवापुढे मी स्वतःचे आयुष्य मागत नाही, तिचे मागते. तिच्यामागे जगणे कसेबसे जमेल. तिच्यामागे मरायची भीती वाटते.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

जिजाबाई नत्थूजी निमजे

आमच्यासमोर सही झाली:
बाबाराव हेडाऊ, शेजारी
शालिकराम पौनीकर, शेजारी

नागपूर, ता. १७ जानेवारी १९४३