चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

मोक्पो, १४ नोव्हेंबर

सकाळी तांदूळ भिजवले, भाज्या निवडल्या. संध्याकाळी पाच वाजता गोळी घेतली. सहाला ह्यांचं पहिलं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे साडेसातला गेले.

ती. सुनझाताईस मिसुनचा नमस्कार. या थंडीत तुझे गुडघे फार छळत नसतील अशी आशा आहे. माझी प्रकृती तू विचारशीलच : केस गेले, भूक परत आली.

किमोच्या पहिल्या दोन फेऱ्यांत भाताच्या वाफेनंही मी मोरीकडे पळायचे, हे तुला ठाऊक आहे. आणि ह्यांच्या पानात हवा तो आंबवलेला, कच्चाच खायचा होंगो मासा, ज्याच्या वासानं धडधाकट माणसाचे डोळे पाणावतात. थेजुनभावजींचं म्हणणं, वहिनींनी आत पडून राहावं, यंदा मासा नको, बाकीचं मी बघतो. मी काही बोलले नाही. (मी बोलत नाही म्हणजे काय, हे ह्यांना कळायचं. त्यांच्या धाकट्या भावाला अजून कळत नाही.)

खरं तर चूक माझीच होती. उलटीवरच्या गोळ्या मी अगदीच असह्य झालं तर घ्यायचे. बाकीच्या ह्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवायचे, पुढे याहून वाईट दिवस आले तर असाव्यात म्हणून. परवा तिसऱ्या फेरीला नर्सबाईंनी गोळ्यांची चौकशी केली, तेव्हा मी मोठ्या अभिमानानं डबी उघडून दाखवली.

"आजी, या काय नातीच्या लग्नात काढणार आहात? मळमळ सुरू व्हायच्या आत घ्यायच्या. वेळच्या वेळी, बरं वाटत असलं तरी."

तेव्हापासून घड्याळ लावून घेते आहे. आज मासा मीच कापला. मांडणी केली, मद्य ओतलं, नमस्कार केले, भातात चमचा रोवला. मग ह्यांना नऊ घास निवांत खाता यावेत म्हणून रीतीप्रमाणे सगळ्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचं. भावजी मात्र माशाच्या वासानं पहिल्या नमस्कारालाच बाहेर पळाले होते. मी सावकाश गेले, तर ते अंगणातल्या किमचीच्या रांजणांमागे ओणवे. मी पाठीवरून हात फिरवला.

"वहिनी, तुमची ती गोळी आहे का एखादी?"

"आता उपयोग नाही, भावजी. आधी घ्यायची असते."

एवढं मोठं वाक्य मी वर्षभरात त्यांच्याशी बोलले नव्हते.

तुझी मिसुन

ता. क. कोणाच्या मदतीची गरज नाही, हे आईलाही कळव.

आणखी एक. या गोळीनं पोट साफ होत नाही. पत्रात याहून जास्त लिहिणं बरं नव्हे. सुके आलुबुखार आण. तीन डिसेंबरला पुढची फेरी आहे, म्हणजे दोन तारखेलाच ये. डबीत आता एकही शिल्लक ठेवत नाही, पण कोणीतरी घड्याळ बघणारं हवं.

कच्चं खायला मला मनाई आहे, म्हणून मासा भावजींना बांधून दिला. ह्यांच्या वाटीतला भात गरम केला आहे. तो खाते.