दोराचा हूक मीच सोडला

मी, वेद रघुवीर टिपणीस, वय बावीस, मुक्काम मँचेस्टर, अक्कल ठिकाणावर असताना (आई, हसू नकोस) आणि कुणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शनिवारी वेल्सच्या ऑक्टोबरमधल्या त्याच किनाऱ्यावरून बुडालेल्या जहाजाकडे पुन्हा उतरणार आहे, म्हणून.

१. गाडी बहीण तनिषाला. सीटमधला डायव्हिंगच्या ओल्या ड्रायसूटचा वास जाणार नाही. नाक मुरडू नये.

२. कॉलेजची पुस्तकं बाबांना. मी दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलं, तरी ते पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर "लास्ट इयर चालू आहे" सांगतात. बाबा, आता खरं सांगून टाका.

३. स्वरालीला काहीही नाही. तिनं कधी मागितलंच नव्हतं, मीच देत सुटलो होतो.

४. टॉर्च, सिलिंडर आणि पुढची कबुली शार्दूलला, माझ्या डायव्हिंगच्या जोडीदाराला. ऑक्टोबरमध्ये सूट चढवताना तो म्हणाला, "वेद्या, स्वराली हो म्हणाली रे!" मी म्हणालो, "अभिनंदन." गढूळ पाण्यात चुकामूक नको म्हणून आम्ही एका दोरानं जोडलेले होतो. बारा मीटर खोल, जहाजाच्या बॉयलरपाशी, मी माझ्या बाजूचा हूक उघडला आणि वर निघून आलो. जोडीदार हरवला तर नियम असा की मिनिटभर शोधायचं आणि वर यायचं. शार्दूल हवा संपत येईपर्यंत मला शोधत राहिला. मी तेव्हा खडकावर बसून फ्लास्कमधला चहा पीत होतो. घाईनं वर येताना त्याचा उजवा कान गेला. डायव्हिंग क्लबमध्ये मी सांगितलं, दोर त्यानंच नीट लावला नव्हता. नवशिक्यांना शिकवायचं त्याचं काम काढून घेतलं गेलं.

५. हे कलम नंतर वाढवलं. साक्षीला बोलावलेले माझे घरमालक हरीशकाका चौथं कलम वाचून पेन खाली ठेवून बसले. "त्या पोरानं तुझ्या मरणाची वाट बघायची का रे? आधी फोन कर, मग सही." मी चिडलो, ओरडलो, मग फोन केला. शार्दूलनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मला काय सांगतोस? दोराच्या दुसऱ्या टोकाला मीच होतो. क्लबला सांग."

चौथं कलम काल क्लबमध्ये सगळ्यांसमोर वाचलं. त्यांनी माझं डायव्हिंगचं कार्ड ठेवून घेतलं, त्यामुळे शनिवारी मी पाण्यात उतरणार नाही. तरीही सही करतो आहे.

वेद रघुवीर टिपणीस

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
हरीश प्रधान
सुचेता प्रधान

मँचेस्टर, १६ मार्च २००६