भिंगरीसाठी क्लब

मंगळवार, ३ मार्च

मोठ्या क्लबाने भिंगरीला निवडलं. चौदा तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं. सोबत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यात पानोपानी ‘खेळाडूंचा दीर्घकालीन विकास’. सासूबाईंनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि मला विचारलं, "हा विकास कोण गं? सगळीकडे त्याचंच नाव. लग्न झालंय का त्याचं?"

भिंगरी हसता हसता पलंगावरून खाली. अकरा वर्षांची झाली, फुटबॉल खेळते, आणि हसताना अजून पडते.

गुरुवार, ५ मार्च

दुकानातून अर्धी सुट्टी काढून मोठा क्लब पाहून आले. काचेच्या कपाटात कपच कप. प्रशिक्षक भिंगरीबद्दल म्हणाले, "उंची आहे, हात लांब आहेत. गोलकीपरच करू."

"दुसरीकडे कुठेच खेळवणार नाही?"

"कशाला? लहानपणीच जागा पक्की झालेली बरी."

मग मी विचारलं, तिच्या वयाच्या असताना आलेल्यांपैकी किती मुली सोळाव्या वर्षी अजून खेळतात? प्रश्न माझा नाही, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातला. शाळा सातवीत सुटली, पुस्तकं सुटली नाहीत. प्रशिक्षकांनी कपाटाकडे पाहिलं. कप गप्प.

समोरच्या फळ्यावरचं वेळापत्रक वाचताना प्रशिक्षक डोळे बारीक करत होते. चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी असते मी, मला कळतं. मुलींचं पुढचं पाहणार म्हणे, आणि फळा दिसत नाही! बोलले नाही. गिऱ्हाईक म्हणून आले की सांगेन.

रविवार, ८ मार्च

आज दुसरा, छोटा क्लब पाहिला, सासूबाईंसकट. मैदान निम्मं गवत, निम्मी माती. शिकवायला एक बाई, गळ्यात शिट्टी, पण वाजवायची विसरतात. इथे कुणाचीच जागा पक्की नाही. जरा वेळ झाला की मागची पुढे, पुढची गोलमध्ये. त्या गोंधळात एक मुलगी चेंडू घेऊन आपल्याच गोलकडे सुटली.

बाईंनी विचारलं, "काय विचार केलास गं?"

"काहीच नाही."

"बरं. पुढच्या वेळी थोडासा कर."

सगळ्या हसल्या, तीसुद्धा. सहा-एक हरल्या.

माझा पुस्तकातला प्रश्न इथेही विचारला. बाईंनी नुसतं बोट दाखवलं. पलीकडे चार मोठ्या मुली जाळी बांधत होत्या. "त्या चौघी अशाच लहान असताना आल्या. चेंडू अंगावर आला की डोळे मिटायच्या."

सासूबाईंना पसंत नाही. "एकच बाक, तोही डुगडुगतो. विकास बसणार कुठे?"

सोमवार, ९ मार्च

भावजींचा फोन. "वहिनी, नाव मोठं आहे तिथेच घाला. दादा असता तर हेच म्हणाला असता."

भिंगरीचे बाबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, चेंडू क्लबाचा की घरून न्यायचा! हे त्यांनाच सांगावं म्हणून त्यांच्या खुर्चीकडे वळले. ते जाऊन वर्ष होत आलं, मान अजून वळतेच.

बुधवार, ११ मार्च

माझं ठरलं. छोटा क्लब. सगळ्या जागा खेळली तर खेळ कळेल, हरायची भीती जाईल, मोठेपणी खेळ सोडणार नाही. रात्री जेवताना भिंगरीला सगळं पुस्तकासारखं समजावलं. तिने ऐकून घेतलं.

"आई, मला मोठा क्लब हवाय."

"तिथे कायम गोलमध्ये उभं करतील तुला."

"म्हणूनच."

मी म्हटलं, अगं, नावाची भिंगरी तू, एका जागी उभी कशी राहशील? एरवी खिदळली असती. ताटात बघत म्हणाली, "पुढे खेळायला गेलं की मागे काय चाललंय ते दिसत नाही."

तिचे बाबा गेले तेव्हा ती शाळेच्या सहलीला होती. परत आली तर घर माणसांनी भरलेलं.

पुस्तकात यावर पान नाही.

शुक्रवार, १३ मार्च

दुकानातून तशीच छोट्या क्लबात गेले. बाईंना सगळं सांगितलं. विचारलं, तुमची पद्धत मोडून तिला गोलमध्येच राहू द्याल का?

"राहू दे की. हवं तितके दिवस. मी तिला काही विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका."

घरी येऊन भिंगरीला सांगितलं.

"कायम गोलमध्ये?"

"तू म्हणशील तोवर."

मग म्हणाली, "चालेल. छोटा."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे विकासला नकार. दे फोन, मी सांगते. असली कामं मोठ्यांनी करायची."

रविवार, २२ मार्च

गोलमध्ये. हरल्या.

रविवार, १९ एप्रिल

गोलमध्ये. हरल्या. सासूबाई बाकासाठी घरून उशी नेतात, आणि पंचांना आंधळा म्हणतात. मी म्हटलं, आंधळा नाही, लांबचा नंबर लागलाय. दुकानाचा पत्ता दिला त्यांना.

भिंगरीला काही विचारलं नाही. जीभ आवरून बसते.

रविवार, ७ जून

मध्यंतरानंतर भिंगरीने हातमोजे काढले, दुसरीच्या हातात दिले आणि पुढे पळाली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.