डिकीतला वास

पेण, मंगळवार, दिवेलागण

वास जात नाही. ह्यांच्या जुन्या गाडीत सुधीरने दुसरं इंजिन बसवून घेतलं, तेव्हापासून डिकीत पेट्रोलचा वास. वडखळचा मेकॅनिक म्हणाला, टाकीतली वाफ बाहेर सोडणारी नळी नव्या इंजिनाला जुळत नाही, आत मोकळीच राहिली आहे. दुसरी नळी परवा येईल. आणि सुधीर उद्याच सुनेला, बाळाला घेऊन रोह्याला निघालाय.

"काचा उघड्या ठेवीन गो आये. तू पुस्तकं वाचून घाबरतेस."

घाबरते, व्हय. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते, हे वाचलंय मी. आणि हा गाडीत काचेखाली चिकटवलेल्या गणपतीला उदबत्ती ओवाळल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. ह्यांचीच सवय. नको लावू म्हटलं तर हसला. हात थांबेल त्याचा?

मघाशी सुरी घेऊन गणपती काढायला गेले. ह्यांनी स्वतः चिकटवलेला. सुरी टेकवली, पुढे हात चालेना. वास मात्र नाकात भरला. नुसती उदबत्तीच कशाला, इंजिनातही ठिणगी असतेच की.

गणपती राहू दिला. गाडीची किल्ली घेऊन आले, कमरेला खोचली आहे. सकाळी भांडेल. भांडू दे. एसटीने जातील.