हुजूर नवरा, मजूर बायको आणि एक बोली

मी, चित्रलेखा शैलेंद्र वर्तक, वय अडुसष्ट, राहणार वेंटवर्थव्हिल, सिडनी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहिते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. लॉकडाऊनमुळे जवळ कोणाला थांबू देत नाहीत, तेव्हा सांगायचं ते आत्ताच सांगते.

१. माझ्या नावावरच्या या घरात माझे पती शैलेंद्र हयात असेपर्यंत राहतील. त्यानंतर ते निनाद व रुचा या मुलांना निम्मं निम्मं. परवा व्हिडिओ कॉलवर निनाद म्हणाला, "आई, काही झालंच तर बाबांना पॉइंट कुकला शिफ्ट करू. रुचाकडे गेस्ट रूम आहे." रुचा म्हणाली, "एक्झॅक्टली, नो वरीज." जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही बापाला न विचारता. इंग्लंडात वरच्या सभागृहाला खालच्याचा ठराव फार तर लांबवता येतो. मला फेटाळता येतो. फेटाळला आहे.

२. शिवणयंत्र रुचाला, प्रेशर कुकर निनादला. टीव्ही शैलेंद्रना. दर बुधवारी त्यावर आम्ही ब्रिटिश पार्लमेंटचा गोंधळ बघतो. तिथली माणसं भांडतात, पण एकमेकांना 'माननीय' म्हणून. ती पद्धत मी घरातही लावली होती: "माननीय सभासदांनी ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला आहे." फरक काहीच पडला नाही.

३. आता जुनी तक्रार. इंग्लंडात असताना हे हुजूर पक्षाचे, मी मजूर पक्षाची. दोघांनी मत दिलं तरी बेरीज शून्य. तिथल्या पार्लमेंटात विरुद्ध बाजूचे दोन सभासद बोली करतात, की एकाला यायला जमत नसेल तर दुसऱ्यानेही मतदान करायचं नाही. आम्हीही तशी बोली केली आणि निवडणुकीच्या दिवशी घरी भजी तळली. १९९२ साली मात्र हे दूध आणायला म्हणून गेले, मत देऊन आले आणि दूध विसरून आले. पार्लमेंटात कोणाला खोटारडा म्हणता येत नाही. मृत्युपत्रात येतं.

ऑस्ट्रेलियात मत न देणाऱ्याला दंड होतो. त्यामुळे इथे आम्ही दोघंही जातो, एकमेकांचं मत खोडतो आणि बाहेर पावात घातलेलं सॉसेज खातो.

४. गेल्या महिन्यात तपासण्यांसाठी मी तीन रात्री दाखल होते. परत आले तर पडदे ओढलेले, वरणभात तसाच फ्रिजमध्ये, आणि हे टोस्टवर जगलेले. फिरायलासुद्धा बाहेर पडले नव्हते. मी ओरडले तर म्हणतात, "तू गैरहजर, मग मीही गैरहजर. आपली बोली आहे ना?" मी हसले, पण त्या दिवसापासून मला ऑपरेशनपेक्षा याचीच भीती वाटते.

५. म्हणून, अहो, माझ्या पश्चात ती बोली रद्द समजावी. पडदे उघडायचे, गरम जेवायचं, वाण्याकडे स्वतः जायचं. आणि निवडणूक आली की न चुकता जायचं. तुमचं मत खोडायला मी नसेन. १९९२ नंतर पहिल्यांदाच ते मोजलं जाईल, वाया घालवू नका.

सही: चित्रलेखा शैलेंद्र वर्तक

साक्षीदार: मंजिरी व गणेश टिपणीस, शेजारी. आमच्या ड्राइव्हवेत मास्क लावून, अंतर राखून, आमच्यासमोर सही झाली.

वेंटवर्थव्हिल, १४ ऑगस्ट २०२१