नऊ तास दहा मिनिटं

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आई खालावली आहे. डॉक्टर महिनाभर म्हणतात; म्हणजे त्यांनाही माहीत नाही. ती रोज विचारते, तू किती लांब आहेस. मी तुझाच आकडा ऐकवते: विमानतळापासून विमानतळापर्यंत सात हजार एकशे बारा किलोमीटर, नऊ तास दहा मिनिटं. त्यावर ती म्हणते, मग इतकी वर्षं कसली लागतात? विमानांचे मार्ग आखणारा तू. उलट्या वाऱ्यासाठी जादा इंधन ठेवायला लावतोस म्हणे. आईसाठीही चार दिवस हाताशी ठेव.
लोभ आहे, तो वापरात असू दे.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र आज पोचलं, अकरा दिवसांनी. नऊ एप्रिलपासून रजा टाकली आहे. त्याआधी वेळ आलीच, तर कंपनीच्या माणसाला रिकामी सीट कधीही मिळते. फोन मात्र करू नकोस. दोनदा तुझ्या फोनवर धावत आलो, आणि दोन्ही वेळा आई उशीला टेकून बसून मलाच वाळलास म्हणाली. इथे वरिष्ठ हसतात. जे असेल ते पत्राने कळव.
राग नसावा, माया असावी.
तुझा धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. आई काल सकाळी गेली. तू पत्राने कळव म्हणालास, पत्राने कळवते. शब्द प्रमाण मानणाऱ्या घरात वाढलो आपण.
परवा दुपारी तिचा श्वास बदलला, आणि डॉक्टरांनी बोलवायचं त्यांना बोलवा म्हणून सांगितलं. त्यानंतर ती अठरा तास होती. तुझ्या घरापासून आमच्या दारापर्यंत, रांगा आणि टॅक्सी धरून, तेरा तास होतात. हिशेब मी दोनदा केला. फोन शेजारच्या स्टुलावर होता. त्यावर मी औषधाची वाटी ठेवली.
वाईट वाटून घेऊ नकोस. संध्याकाळी ऑक्सिजनची टाकी बदलायला माणूस आला. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखंच टक्कल पडू लागलेला. आईने त्याचा हात धरला आणि धाकट्या, आलास का म्हणाली. तो माझ्याकडे बघू लागला. मी मानेनेच हो म्हण म्हणून सांगितलं. बिचारा गाडी खाली चालू ठेवून आला होता, तरी तासभर बसला. वाळलास, असं तिने त्यालाही ऐकवलं. मग प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. बरा झाला, आई, तो म्हणाला. आणि ती शांत झोपली, ती पुन्हा काही विचारायला उठली नाही.
तुझी रजा रद्द होत असेल तर करून टाक. आईची तुझी भेट झाली आहे.
लोभ होता तेवढा पुरे.
ताई