शंभर वॅट आणि माझी कंबर

ती. काकांस,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण सध्या वाकणं बंद आहे, तेव्हा आडव्यानेच केलेला गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. अक्षर वेडंवाकडं दिसेल, कारण मी उताणा पडून पेन्सिलीने लिहितोय (पेन उलटं धरलं की दोन ओळींत रुसतं).

माझ्या गिटारच्या रॅकसाठी पॉवर अँप कोणता घ्यावा, हे मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं. रॅकमध्ये प्रीअँप होता, इफेक्टचं यंत्र होतं. त्यांचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरपर्यंत पोचवणारा गडी तेवढा नव्हता, आणि तो जुन्या रेडिओसारखा, काचेच्या तापणाऱ्या व्हॉल्व्हचाच हवा हा माझा हट्ट. तुम्ही तीस वर्षं नाट्यगृहाचा आवाज सांभाळलेला माणूस. तुम्ही तीनच प्रश्न विचारलेत: वाजवणार कुठे, ऐकणार किती जण आणि उचलणार कोण? उत्तरं अनुक्रमे मागची खोली, एक जण (तीही दार लावून घेते) आणि मी, अशी होती. तुम्ही म्हणालात, "मग वीस वॅट पुरे. शंभराचा घेतलास तर व्हॉल्व्ह गायला लागायच्या आत खिडक्या गायला लागतील." मी "हो काका" म्हणालो. त्या "हो"ची आज फार लाज वाटते.

दुकानदाराने दोन्ही अँप शेजारी शेजारी मांडले. वीसवाला दिसायला बिस्किटांच्या डब्यासारखा. शंभरवाल्याच्या जाळीमागे चार जाडजूड व्हॉल्व्ह लालसर पेटलेले, जणू आत कोणीतरी संतापून बसलंय. तरीही मी वीसच घेणार होतो, काका, खरंच. पण तेवढ्यात खांद्यापर्यंत केस असलेलं एक गिऱ्हाईक शेजारी येऊन उभं राहिलं आणि त्याने सहज विचारलं, "कोणता घेताय?" सत्तेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडलेल्या, लोकांच्या कंबरा दाबून पोट भरणाऱ्या माणसाच्या तोंडून "वीस" हा शब्द काही केल्या निघेना. "शंभर," मी म्हणालो. त्याने नुसती मान डोलावली. त्या एका डोलावण्यासाठी पुढचं सगळं रामायण झालं.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न होताच. म्हणून पेटी माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मागवली आणि हिला सांगितलं, की कंबरेच्या पेशंटांसाठी नवं यंत्र येतंय. (दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर हीच बसते, हे मी थाप मारून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.) पेटी मंगळवारी सकाळी अकराला दारात आली. बाकावर पाच कंबरा बसल्या होत्या (आमच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत). ही चहा करायला आत गेली होती. ती बाहेर यायच्या आत पेटी पडद्याआड न्यायची मला घाई. भिंतीवर मीच काढून घेतलेलं मोठं चित्र आहे, वजन उचलताना गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा. त्या चित्राखाली उभं राहून, गुडघे ताठ ठेवून आणि पाठ वाकवून, मी बावीस किलो उचलले. कट्ट असा आवाज झाला आणि मी होतो तसाच राहिलो.

बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मागच्या महिन्यात पाण्याची बादली उचलून कंबर धरली म्हणून आल्या, तेव्हा मी त्यांना वीस मिनिटं झापलं होतं, अगदी "या वयात अक्कल नको का" इथपर्यंत. त्या उठून माझ्याजवळ आल्या, कानाशी वाकल्या (त्यांना वाकता येत होतं) आणि हळूच म्हणाल्या, "श्वास सोडा. तुम्हीच सांगता ना?"

मला पेशंटांच्या खाटेवर निजवलं. ही म्हणाली, "यंत्र आलंच आहे, तर आधी तुमच्यावरच लावू." त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं काय, तर "डावं बटण दाब, उजव्याला हात लावू नकोस." (स्पीकर न जोडता उजवं दाबलं की ट्रान्सफॉर्मर जळतो, हे तुम्हीच शिकवलंत. तुमची ही एक शिकवण मी पाळली, तीही थाप टिकवायला.) व्हॉल्व्ह तापले, पाठीला ऊब लागली आणि बरं वाटलं, हे कबूल करतो. बाई बघत होत्या. "माझ्याही कंबरेला जरा दाखवा ना," त्या म्हणाल्या.

चार दिवस, काका. रोज पंधरा मिनिटं त्या गिटारच्या अँपकडे पाठ करून बसायच्या आणि मी शेजारच्या खाटेवरून विचारायचो, "आज कसं वाटतंय?" रोज ठरवायचो, आज सांगू. रोज त्या म्हणायच्या, कालच्यापेक्षा बरं आहे, आणि मी ते उद्यावर ढकलायचो. शुक्रवारी त्यांनी विचारलं, "बहिणीलाही आणू का? तिचीही कंबर धरलीय." मग मात्र राहवेना.

"बाई, हे कंबरेचं यंत्र नाही. गिटारचं आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मागे 'स्पीकर' असं लिहिलंय. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं."

"मग रोज बसत का होतात?"

"तुम्ही आडवे पडल्यापासून मला बादलीवरून एकदाही बोलला नाहीत. रोज नुसतं कसं वाटतंय विचारता. तेवढ्यानेच बरं वाटतं."

"आणि बहीण?"

"तिचा डॉक्टरही ओरडतो."

आडव्या माणसाला तोंड लपवायला जागाच नसते. वीस वर्षं हा धंदा करतोय आणि लोकांना माझ्या हातांपेक्षा माझी जीभ बंद असण्याचा गुण जास्त येतो, हे मला बावीस किलोंखाली कळलं. बाईंची माफी मागितली. संध्याकाळी हिलाही सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं आणि ती उठून स्वयंपाकाला लागली.

दुकानदार अँप बदलून द्यायला तयार आहे. वीसवाला घेईन. तो रॅकमध्ये बसवायला मात्र दुसऱ्या कोणालातरी बोलावेन. काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
आडवा पुतण्या

ता. क. हिचा प्रश्न असा होता: "पण शंभराचा घ्या, हे सांगितलं कोणी?" मी म्हणालो, "काकांनी." रविवारी ती तुम्हाला फोन करणार आहे. कृपा करून एवढं फक्त "हो" म्हणा. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

ता. क. दुसरा. वरचं वाचून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो" म्हणू नका. पण लगेच "नाही"ही म्हणू नका. मी टेकल्याशिवाय उभा राहीपर्यंत तुम्ही फोनच उचलला नाहीत, तर बरं होईल.